मधला डबा

१

एकावर एक रचलेल्या वस्तूंसाठी मराठीत एक शब्द नाही. मडकी रचली की उतरंड होते, नाणी रचली की चळत, पोती रचली की थप्पी. धान्य नुसतं ओतलं तर रास, आणि कशाचा कशाशी मेळ नसला तर ढीग. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. नाण्यांची उतरंड कुणी म्हणत नाही आणि मडक्यांची चळत लागत नाही. उतरंडीत सर्वांत मोठं मडकं तळाला आणि सर्वांत लहान वर, म्हणजे प्रत्येकाची जागा आकारानं ठरलेली. चळतीत सगळे सारखे, कुठलंही नाणं कुठेही बसतं.

हा भेद मला शब्दकोशातून कळला नाही. तो माझ्याच एका फसलेल्या कामातून कळला आणि हा लेख त्या फसण्याची चिकित्सा आहे. आपल्याकडे नाटकाची, कवितेची, चित्राची समीक्षा होते. डब्याची होत नाही. डबा चांगला की वाईट हे दुकानात झाकण उघडून-लावून ठरतं आणि घरी आल्यावर विषय संपतो. पण डबा हीसुद्धा कुणीतरी विचार करून केलेली रचना असते आणि तिच्यात माणसांविषयीची काही गृहीतकं दडलेली असतात. ती उघडी करणं हे समीक्षेचंच काम आहे, असं मी मानतो.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावातल्या तंत्रशाळेच्या वर्कशॉपसाठी हत्यारं आणि सामान ठेवायची व्यवस्था आखून द्यायचं काम माझ्याकडे आलं. खोली एक, विषय तीन: सुतारकाम, वायरिंग आणि नळजोडणी. पटाश्या, रंधे, कानशी, पाने, पकडी ही हत्यारं. स्क्रू, खिळे, वॉशर, वायरची वेटोळी, होल्डर, स्विच, पाइपचे जोड हे सामान. हे सगळं तीन गोदरेजच्या कपाटांत आणि बऱ्याचशा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत होतं. मी प्लायवूडच्या साठ पेट्या आखल्या. सर्वांची बैठक सारखी, ४०० मिलिमीटर बाय ३००. उंच्या दोनच, १०० आणि २००. प्रत्येक पेटीच्या तळाला चार पाय आणि झाकणावर त्यांच्यासाठी चार खाचा, म्हणजे कुठलीही पेटी कुठल्याही पेटीवर घट्ट बसणार. सहा-सहाचे दहा मनोरे भिंतीला लागले तेव्हा खोली एकदम मोठी झाली. मी फोटो काढले. ते फोटो मी पुढे दोन ठिकाणी व्याख्यानात दाखवलेही.

आठ महिन्यांनी गेलो तेव्हा मनोरे मोडले होते. वीस-बावीस पेट्या बाकांखाली जमिनीवर सुट्या मांडलेल्या, झाकणं काढून एका कोपऱ्यात उभी केलेली. उरलेल्या मनोऱ्यांत फक्त वरच्या दोन-दोन पेट्या वापरात होत्या आणि त्यांत हत्यारं, सामान, खडू, पोरांचे रुमाल असं सगळं एकत्र. खालच्या पेट्यांवरची धूळ कुणी हलवली नव्हती. बिस्किटांचे डबे परत आले होते. वर्कशॉप सांभाळणाऱ्या मामांना मी जरा रागानंच विचारलं, तर ते म्हणाले, "सर, पेट्या ठेवायला लई भारी आहेत. काढायला कुणी मोकळं नाही."

या एका वाक्याचा अर्थ लावायला मला पुढची दोन-तीन वर्षं लागली.

२

मॉड्यूलर हा शब्द मराठी घरात किचनच्या मागून आला, त्यामुळे तो ऐकला की आपल्याला चकचकीत दारं आठवतात. मूळ कल्पना साधी आहे. एक माप ठरवायचं आणि बाकी सगळी मापं त्याच्या पटीत किंवा भागात बसवायची. रचता येणाऱ्या साठवणीत असे तीन निर्णय घ्यावे लागतात. पहिला बैठकीचा: डबा जमिनीवर किती जागा घेणार. दुसरा उंचीचा: किती उंच्या आणि त्यांचं एकमेकींशी नातं काय. तिसरा जोडाचा: वरचा डबा खालच्याला कसा धरणार.

हे तिन्ही निर्णय एकत्र आणि नेटके घेतल्याचं उदाहरण म्हणून मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं एकच वस्तू दाखवत आलो. जर्मनीतल्या टानोस कंपनीनं १९९३ मध्ये बाजारात आणलेला 'सिस्टेनर' हा हत्यारांचा डबा. फेस्टूलची विजेवर चालणारी सुतारकामाची यंत्रं या डब्यांतून मिळतात, त्यामुळे आपल्याकडेही मोठ्या शहरांतल्या फर्निचरच्या कारखान्यांत तो दिसतो. त्याची बैठक ३९६ बाय २९६ मिलिमीटर. हे आकडे विचित्र वाटतात, पण ते ४०० बाय ३०० मधून हात फिरायला थोडी फट सोडून आलेले आहेत. युरोपात माल ज्या लाकडी पॅलेटवर फिरतो तिचं माप १२०० बाय ८००. तिच्यावर हे डबे एका थरात बरोबर आठ बसतात, कडेला जागा वाया जात नाही. म्हणजे सुताराच्या हातातला डबा मालमोटारीच्या मापाशी आधीच जुळवून ठेवलेला आहे.

उंच्यांचं गणित त्याहून सुंदर. पहिल्या पिढीतल्या पाच डब्यांच्या उंच्या १०५, १५७.५, २१०, ३१५ आणि ४२० मिलिमीटर. या सगळ्या ५२.५ च्या पटी आहेत: दुप्पट, तिप्पट, चौपट, सहापट, आठपट. दोन सर्वांत लहान डबे मिळून तिसऱ्याएवढे, दोन दुसरे मिळून चौथ्याएवढे, दोन तिसरे मिळून पाचव्याएवढे. शेजारीशेजारी वेगवेगळे डबे रचले तरी माथे एका पातळीत आणता येतात. जोडासाठी बाजूला खटके. ते खालच्या डब्यात अडकवले की चार डब्यांचा एक डबा होतो आणि वरच्या मुठीला धरून सगळं उचलता येतं.

माझ्या साठ पेट्या या डब्याच्याच गरीब भावंडं होत्या. मग तो जगभर चालला आणि माझ्या पेट्या आठ महिन्यांत का मोडल्या? पहिलं उत्तर मी स्वतःला असं दिलं की पोरांना शिस्त नाही. हे उत्तर रचनाकारांना फार आवडतं, कारण त्यात त्यांना काही बदलावं लागत नाही.

३

दुसरं उत्तर पाटीवर हिशेब मांडल्यावर मिळालं. सहा पेट्यांच्या मनोऱ्यात सर्वांत वरची पेटी हवी असेल तर काहीच उचलावं लागत नाही. दुसरी हवी असेल तर एक, तिसरीला दोन, आणि तळाचीला पाच. सगळ्या पेट्या सारख्याच वेळा लागतात असं धरलं तर सरासरी अडीच पेट्या बाजूला ठेवाव्या लागतात आणि नंतर तेवढ्याच परत चढवाव्या लागतात. म्हणजे एका पान्यासाठी पाच उचली. तास संपल्यावर पाना जागेवर ठेवायचा तर पुन्हा पाच. त्या उतरवलेल्या पेट्या ठेवायला शेजारी मोकळी जागा लागते आणि समोर माणूस उभा राहायलाही. माझ्या नकाशात ही जागा कुठेच नव्हती. मी वाचवलेली जागा बंद मनोऱ्याची होती आणि वर्कशॉप चालू असताना मनोरे बंद नसतात.

मग प्रश्न असा की रचलेले डबे कुठेच चालत नाहीत का? उलट, आपल्या रोजच्या पाहण्यातला पुडाचा डबा शंभर वर्षांहून जास्त काळ चालला आहे. तीन किंवा चार पुडं, खालच्या पुडाच्या तोंडावर वरच्याचा तळ, म्हणजे एकच पत्रा झाकणही आणि बूडही. सगळ्यांना बांधून ठेवणारी बाजूची पट्टी आणि वर कडी. मधलं पूड काढायचं तर सगळा डबा सोडवावा लागतो. माझ्या मनोऱ्यात जो दोष होता तोच इथे आहे, तरी कधी कुणी तक्रार केली नाही. कारण जेवायला बसल्यावर पोळी, भाजी, आमटी, भात ही सगळी पुडं एकदमच उघडली जातात आणि एकदमच बंद होतात. मधल्या पुडाची वेळ आधी किंवा नंतर येत नाही.

विल्हेल्म वागेनफेल्ड या जर्मन रचनाकारानं १९३८ मध्ये दाबलेल्या काचेच्या डब्यांचा 'कुबुस' नावाचा संच केला. फ्रिजमध्ये उरलंसुरलं ठेवण्यासाठीचे चौकोनी डबे, वेगवेगळ्या मापांचे, पण एकावर एक बसवले की एक नीट ठोकळा होणारे. तिथेही मधला डबा काढायला वरचा उचलावा लागतो. पण काचेमुळे मधल्यात काय आहे ते दिसतं, निदान चुकीचा डबा उचलला जात नाही. म्हणजे मधल्या डब्याचे प्रश्न दोन आहेत, दिसण्याचा आणि निघण्याचा. वागेनफेल्डनं पहिला सोडवला आणि दुसरा सौम्य ठेवला, कारण त्याचे डबे हलके आणि थोडे होते. माझ्या प्लायवूडच्या पेट्यांत दोन्ही प्रश्न तसेच राहिले होते. मी प्रत्येक पेटीवर छान अक्षरांत नाव लिहिलं होतं, पण ते झाकणावर. मनोरा लागल्यावर सहांतलं एकच नाव दिसत होतं! हे लिहिताना आजही मला लाज वाटते.

तिसरं उदाहरण आकारानं फार मोठं, पण जातीनं तेच. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन यांचं 'आयडियल एक्स' हे जहाज अमेरिकेतल्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला ५८ कंटेनर घेऊन निघालं आणि मालवाहतुकीचं जग बदललं. कंटेनर म्हणजे रचता येणारा डबाच, फक्त तो उचलायला क्रेन लागते. तिथे मधला डबा काढणं हे पैशाच्या भाषेत फार महाग. म्हणून जहाज भरतानाच कुठला कंटेनर कुठल्या बंदरात उतरणार याचा आराखडा केला जातो आणि शेवटच्या बंदराचा माल खाली जातो. मधला डबा मधून काढायची वेळ शक्यतो येऊच द्यायची नाही, असं ते उत्तर आहे. ते चालतं, कारण बंदरांचा क्रम आधी ठाऊक असतो. वर्कशॉपमध्ये पुढच्या पाच मिनिटांत कानस लागेल की पक्कड हे लाकूड ठरवतं.

एवढं पाहिल्यावर मला एक कसोटी सापडली. रचना एकदम उघडणाऱ्या गोष्टींसाठी चांगली, जेवणासारख्या. ठरलेल्या क्रमानं उघडणाऱ्या गोष्टींसाठीही चांगली, जहाजासारख्या. कधीही, कुठल्याही क्रमानं आणि दिवसातून दहादा लागणाऱ्या गोष्टींसाठी ती वाईट. आणि हत्यारं नेमकी तशी असतात. सिस्टेनर चालला, कारण त्याचा मूळ गिऱ्हाईक कामाच्या जागी गाडीनं जाणारा कारागीर होता. त्याला डबे न्यायचे होते. तिथे पोचल्यावर तो ते सोडवून जमिनीवर पसरतच होता. मी वाहतुकीसाठीची रचना एका जागी राहणाऱ्या सामानाला लावली. तंत्रशाळेच्या पोरांनी पेट्या जमिनीवर मांडल्या तेव्हा ती शिस्त मोडत नव्हती, जर्मन सुतार जे करतो तेच करत होती.

४

आता उतरंडीकडे परत येतो. माझ्या आजीच्या घरात चुलीच्या मागच्या कोपऱ्यात उतरंड होती. तळाचं मडकं चुंबळीवर, त्याच्या तोंडावर दुसरं, असं चढत गेलेलं. वरच्या लहान मडक्यांत रोजच्या लागणीचं, खाली वर्षाचं. म्हणजे माझ्या सहा पेट्यांच्या हिशेबात जे नव्हतं ते तिथे होतं: जे वारंवार लागतं ते वर, क्वचित लागतं ते तळाला. चळतीत सगळे डबे सारखे असल्यामुळे हा क्रम कुणी सांगत नाही आणि कुणी पाळतही नाही. उतरंडीत तो मडक्यांच्या आकारातच होता.

आणि मधल्या मडक्याचं काय? आजीचे पैसे तिसऱ्या मडक्यात, मसुराच्या खाली असत. ही काही तिची एकटीची युक्ती नव्हती; उतरंडीत पैसे ठेवणं ही जुन्या घरांतल्या बायकांची सर्वसाधारण रीत होती. तिसऱ्या मडक्यापर्यंत पोचायचं तर वरची दोन उतरवायला हवीत. गोल बुडाची मडकी कुठेही टेकत नाहीत, त्यांना चुंबळ शोधायला हवी, आणि मातीवर माती घासली की आवाज होतो. चोरून घेणं जवळजवळ अशक्य. जी अडचण माझ्या वर्कशॉपला भोवली तीच तिथे कुलूप म्हणून वापरली गेली होती. तिनं कुठली रेखाटनं केली नव्हती. काढायला किती कष्ट पडतात हे तिला हातांनी ठाऊक होतं, कारण रचणारी तीच आणि काढणारीही तीच.

माझ्या कामात रचणारा आणि काढणारा वेगळा होता. मी नकाशा काढला, सुतारानं पेट्या केल्या, मुख्याध्यापकांनी पाहिल्या आणि उचलायच्या मात्र मामांनी. कुठल्याही कारखान्यात, गॅरेजमध्ये किंवा बांधकामावर पाहा, 'खालची पेटी काढ' हे वाक्य मिस्त्री बोलतो आणि ऐकतो तो हेल्पर. मधल्या डब्याची किंमत नेहमी दुसऱ्याच कुणाच्या कमरेतून जाते, म्हणून ती रचनेच्या खर्चात दिसत नाही.

मराठीत उतरंड हा शब्द आता मडक्यांपेक्षा जातींसाठी जास्त वापरला जातो, हे इथे टाळून पुढे जाता येत नाही. बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात समाजाची तुलना जिना नसलेल्या मजल्यांच्या मनोऱ्याशी केली होती. मनोऱ्यातल्या मधल्या मजल्यावरून बाहेर पडायला वाट नाही, हा त्या उपमेचा गाभा. त्या तुलनेत मॉड्यूलर डब्यांची चळत समतेची वाटते, कारण सारे डबे सारखे आणि कुठलाही कुठेही. मलाही ती तशी वाटत होती. पण वजनाला हे ठाऊक नसतं. तळाच्या डब्यावर पाच डब्यांचा भार येतोच, आणि कुठलाही डबा तळाला जाऊ शकतो म्हणून प्रत्येक डबा तळाच्या ताकदीचा करावा लागतो. वरच्या डब्यातलं जादा प्लॅस्टिक किंवा प्लाय हे या समतेचं मोल. ते मोजायला हरकत नाही, पण ते मोजतो आहोत हे माहीत असावं. आणि डबे सारखे झाल्यानं उचलणारे हात सारखे होत नाहीत, हेही.

५

सिस्टेनरची पुढची वाटचाल या दृष्टीनं वाचली की ती मधल्या डब्याशी चाललेल्या झटापटीची गोष्ट वाटते. पहिल्या पिढीत खालचा डबा उघडायचा तर वरचे खटके सोडवून तो उतरवावाच लागे. २०१० मध्ये 'टी-लॉक' ही दुसरी पिढी आली. खटक्यांच्या जागी पुढच्या बाजूला एकच फिरणारी कळ. ती फिरवूनच झाकण बंद करायचं, उघडायचं आणि वरचा डबा जोडायचा. मुख्य सुधारणा ही की वरचे डबे न सोडवता खालच्याचं झाकण उघडता येतं. वरचे सारे डबे झाकणासकट मागे कलतात. दाखवायला हे फार मोहक आहे. पण वरच्या डब्यांत पंधरा किलो असतील तर ते पंधरा किलो एका हातानं कलते धरून दुसऱ्या हातानं पाना शोधायचा. उचल गेली, तोलणं आलं.

२०२० च्या सुमारास आलेल्या तिसऱ्या पिढीत डब्याच्या दोन्ही कुशींना सलग खाचा आल्या, म्हणजे तो गाडीतल्या मांडणीच्या पट्ट्यांवर थेट सरकवता येतो. त्याआधीपासून फेस्टूल या डब्यांसाठी सरकत्या तळांचं कपाटही विकत होतंच. याचा अर्थ काय? रचता येणाऱ्या डब्यांचा नमुना म्हणून मी ज्याला नावाजत होतो तो डबा कामाच्या जागी पोचल्यावर खण व्हायला बघतो आहे. नेताना चळत, वापरताना खण. ही कबुली मला त्याच्या उंच्यांच्या सुंदर गणितापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

जोडाबद्दल मात्र माझा आक्षेप आहे. कंटेनरच्या कोपऱ्यांवरचे लोखंडी जोड ठरले तेव्हा मॅकलीन यांच्या कंपनीनं त्यांचं पेटंट खुलं केलं. म्हणून आज कुठल्याही कंपनीचा कंटेनर कुठल्याही कंपनीच्या कंटेनरवर बसतो. हत्यारांच्या डब्यांत उलटं झालं. बॉशचे डबे 'एल-बॉक्स' पद्धतीचे, बैठक ४४२ बाय ३५७. मिलवॉकीची २०१७ मध्ये आलेली 'पॅकआउट' पद्धत आणखी वेगळी. एका पद्धतीचा डबा दुसरीच्या डब्यात अडकत नाही. कारागीर पहिलं ड्रिल घेतो तेव्हा त्याला कळतही नाही की पुढच्या दहा वर्षांच्या डब्यांची निवड त्यानं करून टाकली आहे. कुठलाही डबा कुठेही बसेल, हे मॉड्यूलर रचनेचं वचन कंपनीच्या कुंपणापाशी संपतं.

खण म्हणजे सगळ्या दुखण्यांवरचं औषध, असंही नाही. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी जे छोटं स्वयंपाकघर आखलं, त्यात कोरड्या सामानासाठी ॲल्युमिनियमचे उपसता येणारे खण होते. मूठ धरून खण ओढायचा आणि तोटीसारख्या टोकानं सरळ भांड्यात ओतायचं. पिठाचा खण तेवढा ओकच्या लाकडाचा, अळी लागू नये म्हणून. साहित्याचा स्वभाव पाहून डबा ठरवणं याला म्हणतात. कुठलाही खण मधला नाही, प्रत्येक सरळ हाताशी. पण प्रत्येकावर साखर, तांदूळ अशी नावं धातूतच उठवलेली होती. घर चालवणारीनं काय आणि किती साठवायचं हे कारखान्यात ठरलं. चिकटवलेला कागद बदलता येतो, उठवलेलं अक्षर बदलत नाही. मामांच्या बिस्किटांच्या डब्यांवर खडूनं लिहिलेलं असे, हे मला इथे आठवलं.

६

शेवटचा हिशेब वजनाचा, कारण तो चुकला की बाकी सगळं चुकतं. हत्यार वापरून परत जागेवर येतं. सामान संपत जातं. म्हणून हत्याराच्या डब्याला आकार महत्त्वाचा आणि सामानाच्या डब्याला वजन. माझ्या २०० मिलिमीटर उंच पेटीत आत साधारण वीस लिटर जागा होती. पोलादाचा एक लिटर म्हणजे जवळजवळ ७.८५ किलो. सुट्या स्क्रूंमध्ये हवेच्या पोकळ्या फार, म्हणून फक्त चाळीस टक्के जागा पोलादानं भरली असं धरू. तरी लिटरला तीन किलोच्या वर, म्हणजे भरलेली पेटी साठ किलोच्या पुढे. १०० मिलिमीटरची पेटीसुद्धा पंचवीस किलोच्या वर जाते. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेनं १९९१ च्या सूत्रात, सगळी परिस्थिती अनुकूल असताना, उचलायच्या ओझ्याची वरची मर्यादा २३ किलो धरली आहे. मी साठ किलोच्या पेटीला दोन बाजूंना छान लाकडी मुठी बसवल्या होत्या.

यातून निघणारा धडा असा की बैठक एक असावी, उंच्या मात्र वजनावरून ठरवाव्यात. स्क्रू-खिळ्यांना पन्नास मिलिमीटर पुरे, होल्डर-स्विचला शंभर, वायरच्या वेटोळ्यांना दोनशे. जड ते उथळ. जड पेटी कंबर आणि छातीच्या मधल्या पट्ट्यात, हलकी वर आणि क्वचित लागणारी खाली. नाव पुढच्या फळीवर. हे नियम कुठल्याही किराणा दुकानदाराला सांगायला गेलो तर तो हसेल.

दुसऱ्या वेळी आम्ही लोखंडी अँगलचे चार घोडे केले आणि त्यांत आडव्या पट्ट्या मारल्या. जुन्याच पेट्या, झाकणं काढून, त्या पट्ट्यांवर सरकू लागल्या. उंच पेट्या सुतारानं आडव्या कापून उथळ केल्या. झाकणं फेकली नाहीत. पोरं गावात कुणाच्या घरी वायरिंगला जातात तेव्हा झाकण लावून दोन-तीन पेट्या अजूनही एकावर एक रचून नेतात, आणि खाचा तेवढ्यापुरत्या कामी येतात. या वेळी नकाशा मी एकट्यानं काढला नाही. कुठली पेटी कुठल्या पट्टीवर हे मामांनी खडूनं लोखंडावर लिहिलं आणि दोनदा पुसून बदललं. त्यांचा एकच हट्ट होता, प्रत्येक घोड्यात कंबरेच्या उंचीला एक जागा रिकामी पाहिजे. काढलेली पेटी कुठे टेकवायची? मला ती जागा वाया गेलेली वाटली. साठ पेट्यांच्या हिशेबात चार कमी बसत होत्या. तरी मी मान्य केलं.

या उन्हाळ्यात पुन्हा गेलो होतो. घोडे जागेवर आहेत, पेट्या सरकतात, धूळ आहे पण सगळीकडे सारखी. चारपैकी तीन रिकाम्या जागा भरून गेल्या आहेत. एकीत जळलेल्या मोटारी, एकीत जुन्या वह्या, एकीत कुणाचं तरी हेल्मेट. रिकामी जागा टिकवणं हे रचनेच्या हातात नसतं, ते रोज कुणीतरी करावं लागतं, हे मी वहीत लिहून घेतलं. चौथ्या घोड्यातल्या जागेवर मामांचा पुडाचा डबा होता. मी म्हटलं, "मामा, ही पण गेली म्हणायची."

"गेली कुठं, सर? धरून ठेवलीय," असं म्हणून त्यांनी एसटीच्या सीटवरचा रुमाल उचलावा तसा डबा उचलला, शेजारची वॉशरची पेटी ओढून त्या जागी टेकवली, पोराला दोन वॉशर मोजून दिले, पेटी परत सरकवली आणि डबा पुन्हा होता तिथे ठेवला.